गुडघ्याजवळची हाडाची गाठ: वय किती, जागा कुठली, दुखतं कसं यावरून काय काय कळतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. भाचा १५ वर्षांचा, फास्ट बोलिंग टाकतो, दोन-अडीच महिन्यांपासून उजव्या गुडघ्याच्या वर दुखतंय, आधी सगळ्यांना वाटलं मॅचमध्ये पडला त्याचा मुका मार आहे, मग एक्सरे काढला तर मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला काहीतरी दिसलं, एमआरआयच्या रिपोर्टमध्ये 'अ‍ॅग्रेसिव्ह लिजन' असं लिहून आलंय आणि डॉक्टर बायोप्सी करा, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासा म्हणतायत. घरात आजी म्हणते सुई लावली की पसरतं. तर हे नक्की कोणाला होतं, गुडघ्यापाशीच का होतं, कॅन्सरच असेल का आणि बायोप्सी करायची की नाही.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. बायोप्सी करायचीच, लवकर करायची, पण कुठेही आणि कोणाकडूनही नाही. ते कसं ते खाली लिहितो. कॅन्सरच आहे का हे मी इथून सांगू शकत नाही आणि रिपोर्ट वाचून कोणी छातीठोक सांगत असेल तर त्याच्यावरही विश्वास ठेवू नका. 'अ‍ॅग्रेसिव्ह' हा शब्द रेडिओलॉजिस्ट गाठीच्या वागणुकीबद्दल वापरतो, म्हणजे हाड पोखरतेय, कड स्पष्ट नाही, बाहेर यायला बघतेय वगैरे. कॅन्सर असं वागतो, पण हाडातला पू पण असंच वागू शकतो आणि काही साध्या गाठीपण.

तरीसुद्धा आमच्या ओपीडीत पेशंट समोर बसला की रिपोर्ट उघडायच्या आधी तीन गोष्टी विचारून निम्मं निदान होतं. वय काय, हाडाच्या नेमक्या कुठल्या भागात आहे, आणि दुखतं कसं. हाडाच्या गाठींचं हे एक बरं आहे, त्या वयाला आणि जागेला फार धरून असतात, म्हणजे तीच गाठ १५व्या वर्षी एक अर्थ सांगते आणि ३०व्या वर्षी दुसरा.

आधी त्या मुक्या माराचं बोलू, कारण सगळ्यात जास्त वेळ तिथे जातो. या वयातली पोरं रोज पडतात. गाठ आधीपासून असते, थोडं लागलं की दुखणं जाणवतं आणि घरचे सगळे त्या पडण्याला चिकटून बसतात. लागल्यामुळे हाडाचा कॅन्सर होत नाही, लागल्यामुळे फक्त तिकडे लक्ष जातं. कॅनडाचा टेरी फॉक्स माहीत असेल, त्याच्या नावाने जगभर रन होतात. १९७६ मध्ये त्याच्या गाडीला अपघात झाला, गुडघा थोडा दुखावला, नंतर दुखत राहिलं तर त्याने अपघाताचंच आहे म्हणून बास्केटबॉलचा सीझन संपेपर्यंत अंगावर काढलं, आणि १९७७ मध्ये कळलं की गुडघ्याशी ऑस्टिओसार्कोमा, म्हणजे हाडाचा कॅन्सर आहे. वय १८. पाय गुडघ्याच्या वरून काढावा लागला आणि १९८० मध्ये तो कृत्रिम पायावर ५,३७३ किलोमीटर पळाला, फुफ्फुसात पसरल्याचं कळल्यावर थांबला, १९८१ मध्ये गेला. ही गोष्ट मी पालकांना मुद्दाम सांगतो, घाबरवायला नाही, तर 'आम्ही दुर्लक्ष केलं' म्हणून आई रडत असते तिला कळावं की हे सगळ्यांचंच होतं, कारण या आजाराची सुरुवातच अशी साधी असते. साधा मुका मार मात्र दोन-तीन आठवड्यांत उतरणीला लागतो. सहा आठवड्यांनी वाढतंय म्हणजे तो मुका मार नाही, एक्सरे काढा, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.

आता गुडघाच का. मुलाची उंची वाढते ती हाडांच्या टोकाशी असलेल्या ग्रोथ प्लेटमधून, आणि सगळ्या ग्रोथ प्लेट सारख्या कामाच्या नसतात. मांडीच्या हाडाची साधारण ७० टक्के वाढ खालच्या टोकातून होते, नडगीच्या हाडाची निम्म्याहून जास्त वरच्या टोकातून, म्हणजे पायाच्या एकूण लांबीतली जवळपास दोन तृतीयांश वाढ गुडघ्याच्या आजूबाजूला होते. जिथे पेशी सगळ्यात जोरात विभागतायत तिथे चूक व्हायची शक्यता जास्त, असा याचा सरळ अर्थ लावला जातो. ऑस्टिओसार्कोमाच्या साधारण निम्म्या केसेस गुडघ्याभोवती असतात, त्यातही मांडीच्या हाडाचं खालचं टोक पहिलं, मग नडगीचं वरचं टोक, आणि तिसऱ्या नंबरावर खांद्याजवळचं दंडाचं हाड, जे पण भरपूर वाढणारं टोक आहे. मुलींची उंची मुलांपेक्षा आधी वाढते तर मुलींमध्ये हा आजारही थोडा लवकरच्या वयात दिसतो आणि एकूण संख्या मुलांची थोडी जास्त. हे सगळं वाढीशी जुळतं. पण म्हणून उंच मुलगा बघून घाबरायचं कारण नाही, आजार दुर्मिळच आहे, वर्षाला दहा लाख लोकांमागे तीन-चार एवढाच.

हाडाचा नेमका भाग, हे जरा समजून घ्या कारण तुमच्याच रिपोर्टमध्ये ते शब्द असणार. लांब हाडाचं टोक, जे सांध्याला लागून असतं, ते एपिफिसिस. त्याच्या मागे ग्रोथ प्लेट, तिच्या मागचा रुंद होत गेलेला भाग मेटाफिसिस, आणि मधला सरळ दांडा डायफिसिस. ऑस्टिओसार्कोमा मेटाफिसिसचा. जायंट सेल ट्यूमर ग्रोथ प्लेट बंद झाल्यावर, सांध्याला अगदी खेटून. युइंग सार्कोमा, हाही हाडाचा कॅन्सरच, बऱ्याचदा दांड्यात किंवा दांडा आणि मेटाफिसिसच्या मधे. आणि ग्रोथ प्लेट उघडी असताना एपिफिसिसमध्ये गाठ दिसली तर कॉन्ड्रोब्लास्टोमा, ही कॅन्सर नसलेली गाठ, आधी आठवायचा, आणि आपल्या देशात त्याच्या जोडीला टीबीसुद्धा. नियम काही शंभर टक्के पाळले जात नाहीत पण नव्याण्णव वेळा विचार इथूनच सुरू होतो.

ऑस्टिओसार्कोमाचा ठराविक पेशंट कसा असतो सांगतो. १० ते २०मधला, तब्येतीने धडधाकट, भूक चांगली, वजन उतरलेलं नाही, ताप नाही. रक्त तपासलं तर सीबीसी नॉर्मल. इथेच घरचे फसतात कारण कॅन्सर म्हणजे माणूस खंगलेला असणार अशी डोक्यात कल्पना. सुरुवातीला खेळल्यावर दुखतं, मग खेळलं नाही तरी, मग रात्री. रात्रीचं दुखणं विचारायलाच लागतं, मुलं आपणहून सांगत नाहीत, आई सांगते की पहाटे उठून बसतो, पाय दाबून घेतो, गोळी दिली की झोपतो आणि परत तेच. मग सूज. ती गुडघ्यात नसते, गुडघ्याच्या वर असते, हात लावला की टणक लागते, हलत नाही कारण ती हाडाचीच आहे, वरची कातडी जरा गरम, ताणलेली, मोठी गाठ असेल तर निळ्या शिरा दिसतात. आणि त्याच्या वरची मांडी मात्र बारीक झालेली असते, दोन्ही मांड्यांना टेप लावून बघितली तर दुखऱ्या बाजूचा घेर कमी भरतो, कारण पोरगं कित्येक आठवडे त्या पायावर पूर्ण जोर टाकतच नसतं. उकिडवं बसता येत नाही, मांडी घालून जेवायला बसत नाही, खुर्ची मागतो. शाळेतून येताना पाय ओढत येतो. यातलं काही तुमच्या भाच्याला असेल तर डॉक्टरांना तारखेसकट सांगा, 'कधीपासून' ला रिपोर्टपेक्षा जास्त किंमत असते.

एक्सरेत काय दिसतं. गुडघ्याचा समोरून आणि बाजूने असे दोन फोटो पाहिजेत, एकावर भागत नाही. मेटाफिसिसमध्ये हाड कुठे खाल्लेलं काळपट तर कुठे कापसासारखं पांढरं भरलेलं, कड कुठे संपते ते बोट ठेवून दाखवता येत नाही. हाडावरचं आवरण गाठीने उचलून धरलेलं असतं आणि त्याच्या टोकाला नवीन हाडाचा एक छोटा त्रिकोण तयार होतो, त्याला कॉडमन ट्रँगल म्हणतात. बाहेर मांसात सूर्यकिरणांसारख्या रेघा. हे सगळं एकत्र असेल तर तालुक्याच्या डॉक्टरला पण कळतं, पण सुरुवातीच्या एक्सरेत नुसती पुसट पांढरी छटा असते आणि ओला एक्सरे घाईत खिडकीला धरून बघितला तर ती सुटते. आता डिजिटल आल्यापासून हे कमी झालंय, पण व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या फोटोवरून मत मागणारे वाढलेत, ते नका करू, सीडी द्या. रक्तात अल्कलाइन फॉस्फटेज आणि एलडीएच ही एन्झाइम्स वाढलेली असू शकतात, पण वाढत्या वयात अल्कलाइन फॉस्फटेज तसंही मोठ्यांपेक्षा जास्त असतं, लॅबच्या छापील रेंजवर लाल झालं म्हणून घाबरू नका आणि नॉर्मल आलं म्हणून निवांतही होऊ नका.

युइंग सार्कोमा हा दुसरा संशयित, साधारण ५ ते २५ वयाचा. याची खोड अशी की तो इन्फेक्शनचं सोंग घेतो. ताप येतो, रक्तातला ईएसआर (सूज-इन्फेक्शन दाखवणारा आकडा) वाढतो, पांढऱ्या पेशी वाढतात, भाग लाल गरम, अँटिबायोटिक दिल्यावर चार दिवस बरंही वाटतं. कधीकधी उघडून बघितलं तर पातळ पुवासारखंच दिसतं. म्हणून आमच्याकडे जुना दंडक आहे, हाडातून पू काढला तरी थोडा तुकडा पॅथॉलॉजीला पाठवायचा आणि गाठीची बायोप्सी घेतली तरी थोडं कल्चरला टाकायचं. खर्च थोडाच वाढतो. टीबीच्या बाबतीत आपल्याकडे उलटा प्रकार चालतो, 'एकेटी (टीबीची औषधं) चालू करून बघू महिनाभर', हे हाडाच्या गाठीत तुकडा न तपासता करू नये, तो महिना फार महाग पडतो.

आता जरा मोठ्या वयाकडे, कारण हे वाचणारे बरेच जण स्वतःच्या गुडघ्यासाठी वाचत असणार. २० ते ४०, ग्रोथ प्लेट बंद झालेली, बायका किंचित जास्त, गुडघ्याला खेटून खाल्लेलं हाड, हा जायंट सेल ट्यूमर. आम्ही जीसीटी म्हणतो. आशियात, भारतात आणि चीनमध्ये, हाडाच्या गाठींमधला याचा वाटा पाश्चात्त्य देशांपेक्षा बराच जास्त आहे, त्यामुळे परदेशी वेबसाइटवर 'रेअर' वाचून जाऊ नका, आपल्या ओपीडीत हा नेहमीचा पाहुणा. कॅन्सर नाही, पण गरीबही नाही. पेशंट सांगतो जिना उतरताना दुखतं, गुडघा भरून येतो, हळूहळू पाय पूर्ण सरळ होत नाही. २८-३० वर्षांची बाई, बाळंतपण होऊन काही महिने झालेत, सगळे म्हणतात कॅल्शियम कमी झालं असेल, गोळ्या, व्हिटॅमिन डीची इंजेक्शनं, शेक, मग एक दिवस पायरी चुकते आणि हाड मोडतं, तेव्हा पहिला एक्सरे. गरोदरपणात ही गाठ जोरात वाढू शकते, आणि त्या काळात एक्सरे टाळला जातो, त्यामुळे हे चित्र वारंवार दिसतं. एक्सरेत गाठ एका बाजूला, काळी, आत पांढरं काही भरलेलं नाही, भोवती पांढरी कडही नाही, आणि सांध्याच्या कूर्चेपर्यंत पोचलेली. उपचार म्हणजे खरवडून काढणं, पण नुसतं चमच्याने नाही, हाय स्पीड बरने भिंती घासून, फिनॉल वगैरे लावून, आणि पोकळी बोन सिमेंटने भरून. नीट नाही केलं तर परत येते, बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन वर्षांत. थोड्या टक्के लोकांत फुफ्फुसात पण जाते, कॅन्सर नसून, म्हणून छातीचा फोटो यातही लागतो. डेनोसुमॅब नावाचं इंजेक्शन अवघड जागी कामाला येतं, पण खरवडायच्या आधी सर्रास देऊ नये असं माझं मत, गाठीची कड कठीण होते आणि आत पेशी दडून राहतात. आणि एक, जीसीटीसारखं दिसणारं हाड बघितलं की रक्तातलं कॅल्शियम आणि पॅराथायरॉइड हार्मोन एकदा तपासायचंच. पॅराथायरॉइडच्या आजारात हुबेहूब असाच खड्डा पडतो आणि तिथे ऑपरेशन गुडघ्याचं नसतं, गळ्याचं असतं.

आता ज्यांच्यामुळे उगाच झोप उडते त्या गाठी. ऑस्टिओकॉन्ड्रोमा, म्हणजे हाडावर वाढलेला कोंब, ही हाडाची सगळ्यात कॉमन साधी गाठ आणि तीसुद्धा गुडघ्यापाशीच जास्त. मुलगा सांगतो टणक गोळा आहे, वर्षानुवर्षं आहे, दुखत नाही, बॉल लागला की दुखतं. एक्सरेत कोंब सांध्यापासून लांब तोंड करून असतो आणि त्याची मज्जा मूळ हाडाच्या मज्जेशी सलग असते. उंची थांबली की तो पण थांबतो. त्रास नसेल तर काढायचा नाही. पण वाढ थांबल्यावर, म्हणजे २५-३०व्या वर्षी तो परत वाढायला लागला किंवा विनाकारण दुखायला लागला तर एमआरआय करून वरच्या कूर्चेच्या टोपीची जाडी बघायची, मोठ्या माणसात ती २ सेंटिमीटरच्या वर गेली की शंका घ्यायची. घरात वडिलांना, आत्याला पण अंगभर असे कोंब असतील तर तो आनुवंशिक प्रकार, त्यांनी जरा नियमित दाखवत राहायचं. दुसरी, नॉन ऑसिफाइंग फायब्रोमा. हा मुलांच्या एक्सरेत दुसऱ्याच कारणाने फोटो काढताना दिसतो, हाडाच्या भिंतीत, पांढऱ्या स्पष्ट कडेचा, आणि आपोआप भरून जातो. याला बायोप्सी सुद्धा नको. याचं ऑपरेशन झालेलं बघितलं की मला राग येतो.

एक फसवी गाठ सांगायला हवी. मांडीच्या हाडाच्या मागच्या बाजूला, गुडघ्याच्या लवणीत, सावकाश वर्ष-दोन वर्षं वाढणारा टणक गोळा, फारसा न दुखणारा, विशीच्या पुढच्या माणसात, तक्रार एवढीच की गुडघा पूर्ण वाकत नाही. पॅरॉस्टिअल ऑस्टिओसार्कोमा. नावात सार्कोमा असला तरी बहुतेकदा लो ग्रेड, म्हणजे सावकाश वाढणारा, नीट कडेसकट काढला तर बरेचसे लोक किमोशिवाय बरे होतात. पण कोंब समजून छिन्नीने तासून काढला तर परत येतो आणि काही वेळा परत येताना चिडून येतो.

चाळिशीनंतर सगळं गणित बदलतं. तिथे हाडात नवीन खड्डा म्हणजे आधी दुसरीकडच्या कॅन्सरचं हाडात येणं आणि मायलोमा (मज्जेतल्या पेशींचा कॅन्सर) हे शोधायचं, स्तन, फुफ्फुस, किडनी, थायरॉइड, प्रोस्टेट. हाडातून निघालेल्या गाठींमध्ये या वयात कॉन्ड्रोसार्कोमा, म्हणजे कूर्चेच्या पेशींचा कॅन्सर. पन्नाशीच्या माणसाला एमआरआयमध्ये 'कार्टिलेज लिजन' (कूर्चेची गाठ) निघालं आणि गुडघा मुळात झिजेमुळे दुखत असेल तर घाईने खरवडायला जाऊ नका, बरेच वेळा ती साधी एनकॉन्ड्रोमा असते आणि दुखतं दुसरंच.

आणि गुडघा दुखणाऱ्या हजारो मुलांमध्ये यातलं काहीच नसतं हेही लिहायला पाहिजे, नाहीतर उद्या सगळे एमआरआय सेंटरला रांग लावतील. वाढीचं दुखणं लहान मुलांना होतं, साधारण तीन ते बारा, दोन्ही पायांना, कधी हा कधी तो, संध्याकाळी-रात्री रडतं आणि सकाळी उड्या मारत शाळेत जातं. लंगडत नाही, सूज नसते. खेळणाऱ्या १०-१५च्या मुलांना गुडघ्याच्या वाटीखाली जे टेंगूळ येऊन दुखतं ते ऑसगुड श्लाटर, दाबलं की नेमकं तिथेच दुखतं, विश्रांतीने कमी होतं. आणि एक जुनी खोच, मूल गुडघा दाखवतं पण दुखणं खुब्याचं असतं, म्हणून खुब्याचा सांधा फिरवून बघितल्याशिवाय मुलाचा गुडघा तपासला असं म्हणू नये. ज्याला ताबडतोब एक्सरे लागतो तो वेगळा: एकाच बाजूला, एकाच जागी, वाढत जाणारं, झोपेतून उठवणारं, किंवा टणक सूज असलेलं. एक्सरे काही महाग नाही. थेट एमआरआयला उडी मारू नका, हाडाच्या गाठीत साधा एक्सरे जेवढं बोलतो तेवढं एमआरआय बोलत नाही. एमआरआयचं काम गाठ किती लांबवर गेलीय, शिरा-नसांना चिकटलीय का, सांध्यात शिरलीय का हे सांगायचं, आणि त्यात पूर्ण मांडीचं हाड खुब्यापासून गुडघ्यापर्यंत यायला हवं. तुमच्या रिपोर्टवर नुसतं 'नी एमआरआय' असेल तर तो बहुधा परत करायला लागेल, कारण त्याच हाडात वरती दुसरा छोटा ठिपका असू शकतो.

आता बायोप्सी. 'सुई लावली की पसरतं' ही भीती घराघरात आहे आणि तिच्यामुळे जेवढी पोरं उशिरा आली तेवढी सुईमुळे कोणाचीच बिघडली नसतील. नीट घेतलेल्या सुईच्या बायोप्सीने आजार अंगभर पसरत नाही. पण आजीच्या बोलण्यात एक धागा खरा आहे, चुकीच्या जागी घेतलेली बायोप्सी पाय घालवू शकते. कारण सुई ज्या वाटेने आत गेली त्या वाटेवर गाठीच्या पेशी सांडल्या असं आम्ही धरून चालतो, आणि पुढच्या मोठ्या ऑपरेशनमध्ये ती पूर्ण वाट कातडीसकट गाठीबरोबर कापून काढतो. म्हणून ती वाट उद्याच्या चिऱ्याच्या रेषेतच असायला हवी, आणि ती रेषा कुठे येणार हे ज्याला ते ऑपरेशन करायचंय त्यालाच माहीत असतं. मांडीच्या खालच्या टोकाला आम्ही सहसा आतल्या किंवा बाहेरच्या बाजूने एका स्नायूतूनच जातो, दोन स्नायूंच्या फटीतून नाही, मधल्या मुख्य स्नायूच्या कंडऱ्यातून तर नाहीच, सांधा उघडत नाही, मागच्या रक्तवाहिन्यांकडे फिरकत नाही. जाड सुईने दोन-चार तुकडे, कातडीवर काही मिलिमीटरचं छिद्र, एक टाका, बहुतेक वेळा त्याच दिवशी घरी. आडवा चिरा तर कधीच नाही, पायावर चिरा उभाच. अमेरिकेत मॅनकिन नावाच्या सर्जनने १९८२ मध्ये आणि परत १९९६ मध्ये हे तपासून छापलं होतं की जिथे पुढचे उपचार होणार नाहीत अशा ठिकाणी बायोप्सी झाली तर चुका आणि गुंतागुंत कितीतरी पटींनी वाढतात. इतकी वर्षं झाली, आमचं अजून तेच रडगाणं.

त्यामुळे तुमच्या डॉक्टरांना सरळ विचारा, 'सर, कॅन्सर निघाला तर पुढचं ऑपरेशन तुम्हीच करणार का?' नाही म्हणाले तर वाईट वाटून घेऊ नका, चांगला डॉक्टर स्वतःच सांगतो की न छेडता पुढे पाठवतो. मुंबईत परळचं टाटा मेमोरिअल आहेच, पण तिथली गर्दी बघून लोक बिचकतात, तर देशभरातली कॅन्सर सेंटर्स नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्ये जोडलेली आहेत आणि पुणे, नागपूर सारख्या शहरांत पण बोन ट्यूमरचं काम करणारे लोक आहेत. बघायचं एवढंच की सर्जन, हाडाच्या गाठी वाचणारा पॅथॉलॉजिस्ट, रेडिओलॉजिस्ट आणि किमोवाले एकत्र बसून केस ठरवतात का. पैशांचं म्हणाल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार आहेत, रेशन कार्ड आणि आधार घेऊन हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी भेटा, बिल झाल्यावर नाही.

तोपर्यंत काय करायचं नाही ते. मालिश नाही, चोळणं नाही, हाडवैद्याकडे नेऊन लेप-पट्टा नाही, शेक नाही. गुडघ्यात पाणी झालंय म्हणून सुईने काढणं किंवा दुर्बिणीतून बघणं नाही, मेनिस्कस (गुडघ्यातली गादी) फाटली असं समजून दुर्बीण घातली आणि गाठीच्या पेशी पूर्ण सांध्यात फिरल्या असे पेशंट येतात, मग सांधाच्या सांधा काढावा लागतो. खेळ बंद, आणि त्या पायावर जोर कमी, कुबडी द्या, कारण पोखरलेलं हाड मोडलं तर सगळं अवघड होतं. मोडलंच तर प्लास्टर किंवा ब्रेसमध्ये ठेवून पाठवायचं, रॉड ठोकायचा नाही. रॉड टाकला की पूर्ण हाडाच्या पोकळीत गाठ वरपासून खालपर्यंत पसरवल्यासारखं होतं. हाड मोडलं म्हणजे पाय जाणारच असं मात्र नाही, किमोनंतर बऱ्याच जणांचा पाय वाचतो.

समजा ऑस्टिओसार्कोमाच निघाला. मग छातीचा सीटी आणि बोन स्कॅन किंवा पेट स्कॅन. निदानाच्या वेळी साधारण १५ ते २० टक्के मुलांत आजार दुसरीकडे, मुख्यतः फुफ्फुसात, दिसतो. आधी दोन-तीन महिने किमो, मग ऑपरेशन, मग परत किमो, एकूण सात-आठ महिने ते वर्षभर धरून चाला, दहावीचं वर्ष असेल तर ते गेलं असं आत्ताच मान्य करून टाका म्हणजे पोराच्या डोक्यावरचं ओझं कमी होईल. काढलेल्या गाठीत किमोने किती पेशी मेल्या ते मोजतात, ९० टक्के किंवा जास्त असेल तर चांगला प्रतिसाद. किमो नव्हती त्या काळात नुसता पाय कापून पाचातला जेमतेम एक जण वाचायचा, आता आजार पसरलेला नसेल तर साधारण ६० ते ७० टक्के. आणि पायही बहुतेकांचा राहतो, आतमध्ये धातूचा मोठा सांधा बसवतात, किंवा कधीकधी त्याचंच हाड काढून, गाठ साफ करून, ५० ग्रे रेडिएशन देऊन परत जागेवर बसवतात. भारतात बनलेले सांधे आल्यापासून खर्च पण आवाक्यात आलाय. हा सांधा बसवल्यावर चालणं, सायकल, ऑफिस सगळं होतं, फास्ट बोलिंग मात्र नाही, हे त्याला आधीच खरं सांगा.

एक गोष्ट किमोच्या घाईत राहून जाते आणि आपल्याकडे मोठ्यांना बोलायला लाज वाटते म्हणूनही राहते. १५ वर्षांच्या मुलाचे शुक्राणू किमो सुरू व्हायच्या आधी साठवून ठेवता येतात, या औषधांनी पुढे मूल होण्यावर परिणाम होऊ शकतो. मामाने बाजूला घेऊन बोलावं, आईबापांपेक्षा त्याला सोपं जाईल. त्याच वेळी हृदयाचा एको आणि कानाची तपासणी पण होते, डॉक्सोरुबिसिन आणि सिसप्लॅटिन या किमोच्या औषधांसाठी.

जाताना पहिल्या दिवसापासूनचे सगळे एक्सरे न्या, जुना 'नॉर्मल' म्हणून सांगितलेला असेल तो तर नक्कीच, एमआरआयची सीडी, रक्ताचे रिपोर्ट, आणि बायोप्सी दुसरीकडे झालीच असेल तर नुसता कागद नाही, मेणातले ब्लॉक आणि स्लाइड मागून घ्या, त्या तुमच्या हक्काच्या आहेत. बायोप्सीचा रिपोर्ट यायला आठवडा-दहा दिवस लागतात, हाडाचा तुकडा आधी ॲसिडमध्ये मऊ करावा लागतो म्हणून, त्यासाठी लॅबला रोज फोन करून उपयोग नाही. रिपोर्ट आला की एक्सरेशी जुळतोय का ते विचारा. जुळत नसेल, म्हणजे एक्सरे भयानक आणि बायोप्सी 'साधी गाठ' किंवा उलट, तर स्लाइड दुसऱ्या बोन पॅथॉलॉजिस्टला दाखवल्याशिवाय कुठलंच ऑपरेशन करून घेऊ नका.